मिडसेमचा पेपर बघून ये

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. ‘सर, मी इथे अ‍ॅव्हरेज आहे.’ एवढंच. नंतर फोनवरही तू धड बोलली नाहीस, म्हणून लिहितोय.

लातूरच्या चौकात तुझा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. पवईच्या आयआयटीत मात्र पहिल्याच मिडसेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, वर्गाच्या सरासरीइतके मार्क पडले. ती सरासरी कुणाची आहे ते तरी बघ. २०२४ साली २३ आयआयटींत मिळून १७,७४० जागा होत्या आणि जेईई मेन देणारी मुलं बारा लाखांच्या वर. तुझ्या वर्गात बसलेला जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या शाळेत पहिला येत होता. कुणी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात ऑलिम्पियाडचं शिबिर करून आलाय, कुणी आठवीपासून कोडिंग करतोय. तू पहिला प्रोग्राम लिहिलास तो तिथे गेल्यावर. शिवाय रिलेटिव्ह ग्रेडिंग असलं की तुझी ग्रेड इतरांच्या पेपरवरही ठरते.

नीरज चोप्राचे भालाफेकीचे आकडे तुला माहीत असतील, पण ते एकापुढे एक मांडून बघ. टोकियो ऑलिम्पिकला ८७.५८ मीटर, सुवर्ण. पॅरिसला ८९.४५, म्हणजे जवळपास दोन मीटर जास्त, तरी रौप्य. कारण त्या दिवशी पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा भाला ९२.९७ वर गेला. मग मे २०२५ मध्ये दोह्याला ९०.२३. नव्वदच्या पुढे तो पहिल्यांदाच गेला, आणि तिथेही दुसराच आला, जर्मनीच्या ज्युलियन वेबरच्या मागे. नुसता नंबर बघितला तर हा माणूस घसरत गेला असं वाटेल. मीटर बघितले तर तो वाढत गेलाय. ऑलिम्पिक सुवर्ण घरात असतानाही तो नव्वदच्या मागे लागला होता. महत्त्वाकांक्षा असावी तर अशी, असं मला मनापासून वाटतं.

तुला आता नातेवाईक सांगतील, ‘आयआयटीत गेलीस ना, बास झालं, समाधान मान.’ मला ते पटत नाही. तुझी भूक कमी व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. अकरावीत एक गणित सुटल्यावर तू त्याची दुसरी रीत शोधत बसायचीस. त्याचे जादा मार्क कुणी देत नव्हतं. ती मुलगी नंबरावर जगत नव्हती. पुढे बारावीच्या वर्षात आम्हीच, क्लासवाल्यांनी आणि घरच्यांनी, दर रविवारी तुझ्यापुढे रँक ठेवली. त्यामुळे आता रँक गेली की आपणच गेलो असं तुला वाटतं. स्वतःला मान्य करणं म्हणजे माझ्या मते एवढंच, की कमी मार्कांचा पेपर पूर्ण वाचून काढण्याइतकी तू शांत असावीस. घाबरलेल्या माणसाला आपली चूकही नीट दिसत नाही.

तेव्हा क्रिब सेशन, म्हणजे तपासलेले पेपर दाखवतात ती वेळ, चुकवू नकोस. मार्क वाढवून घ्यायला नव्हे, तर कुठल्या पायरीला अडलीस ते बघायला. ट्युटोरियलला शंका मोठ्याने विचार, शेजारच्याला ती बाळबोध वाटली तरी. रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर स्टुडंट वेलनेस सेंटरला जा आणि घरीही सांग. आई रागावणार नाही, मी बोललोय तिच्याशी.

पेपर बघून झाला की न सुटलेल्या गणिताचा फोटो पाठव. मार्क लिहू नकोस.

तुझे
सर