गाडीचा एरर कोड एआयला दिला तर घरबसल्या बिघाड कळतो का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, पेट्रोल गाडी आहे, चेक लाइट लागलाय, गाडीचे कोड वाचणाऱ्या ब्लूटूथच्या डोंगलवर पी०१७१ कोड आला आणि पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गाडी ओढत नाही. एआयनं ऑक्सिजन सेन्सर (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणून सांगितलं, तर आता गॅरेजला तपासायला न्यायची गरज काय, असा तुमचा प्रश्न.

सेन्सर मागवू नका. आधी हे वाचा.

मी सांगलीत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, २६ वर्षं हेच करतोय. गेल्या दिवाळीच्या आधी एक काका गाडी घेऊन आले. गाडी जुनी घेतलेली, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दुखणं असं की दिवसा गाडी ठणठणीत, पण रात्री लाइट आणि ब्लोअर लावला की झटके मारायची, कधी चौकात बंदच पडायची. मुलानं सुट्टीत येऊन डोंगल लावला, कोड काढले. एक थ्रॉटलचा (इंजिनला हवा सोडणारी झडप), एक मॅप सेन्सरचा (आत जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एक ऑक्सिजन सेन्सरचा. एआयनं आधी थ्रॉटल बॉडी सांगितली, ती साडेनऊ हजारांची मागवून बसवली. आठ दिवसांत परत लाइट. मग मॅप सेन्सर बदलला. मग एआयचं म्हणणं ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर आलं. काका माझ्याकडे आले ते छापलेला कागद घेऊनच. "पोरानं सगळं शोधलंय, तुम्ही फक्त ईसीएम तेवढा बदलून द्या."

कागद मी सगळा वाचला. कोडचे अर्थ सगळे बरोबर होते. पण तीन सेन्सर एका वेळी जात नाहीत, आणि लाइट लावला की झटके येतात ही गोष्ट कागदावर कुठंच नव्हती. मुलानं गाडी रात्री चालवलीच नव्हती, तर तो एआयला सांगणार काय?

ड्रायव्हरची सीट मागे घेताना रुळात खरखर लागली. मॅट उचललं. सीटच्या नटाभोवती गाळ वाळून पापुद्रे धरलेले. बोटावर चोळून वास घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा माझ्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. तो गाळ मी पंधरा दिवस खोऱ्यानं उपसलाय. तो वास मला कुणी सांगायला नको. काकांना विचारलं, गाडी पुरात होती का? त्यांना पत्ताच नव्हता. विकणाऱ्यानं लपवलं होतं.

मग मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीवरच्या अर्थिंगच्या बोल्टला. गाडी चालू, बाकी सगळं बंद, तेव्हा ०.१ व्होल्ट. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावला तर १.२. हा आकडा तेव्हाही ०.२ च्या आतच राहायला पाहिजे. बॅटरीच्या ट्रेखालची अर्थिंगची वायर काढली. वरून चांगली काळीकुळकुळीत. ब्लेडनं कव्हर चिरलं तर आतलं तांबं कळकून हिरवं झालेलं, चिमटीत धरलं की पूड पडत होती. सेन्सर ज्या शून्यावरून मोजमाप सांगतात तो शून्यच वर सरकत होता, म्हणून कॉम्प्युटरला प्रत्येक सेन्सर खोटा वाटत होता. नवी वायर टाकली, बोल्टखालचा गंज पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला. गाडी आजपर्यंत परत आलेली नाही.

पावती केली. वायर ३५० रुपये, तपासणी १,२०० रुपये. संध्याकाळी मुलाचा फोन. "साडेतीनशेच्या वायरला बाराशे तपासणी कसली?"

हे मला लागलं, कारण हेच वाक्य मी माझ्या दाजींकडून वीस वर्षं ऐकतोय. दुकान काढताना त्यांनी पैशाची मदत केली, ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यांचं एकच, "पाना फिरला तर पैसे माग, नुसतं बघायचे कसले पैसे?" मी त्यांचं ऐकलं. अर्धा अर्धा दिवस वायरिंगमध्ये डोकं घालून बसायचो आणि फ्यूजचे वीस रुपये घ्यायचो. दाजी, बघायचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच गॅरेजवाले पार्ट बदलतात. पार्टमध्ये मार्जिन आहे, शोधण्यात नाही. आणि आता फुकट शोधून देणारा फोन आलाय, तोही पार्टच बदलायला सांगतोय. त्या पोरानं शोधायचे पैसे वाचवून थ्रॉटल बॉडीत घातले.

आता तुमचा कोड. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, इतकंच. ऑक्सिजन सेन्सरनं ते ओळखलं म्हणून लाइट लागला, म्हणजे बहुतेक तो आपलं काम नीट करतोय. डोंगलच्या ॲपमध्ये फ्युएल ट्रिम दिसतं, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमीजास्त करतोय ते. ते बघा, शॉर्ट (आत्ताचं) आणि लाँग (बऱ्याच वेळाचं) दोन्ही. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम खूप वर आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठंतरी इंजिन चोरून हवा ओढतंय, म्हणजे फाटका पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट. उलट लोड पडला की ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. पंप, फिल्टर नाहीतर इंजेक्टर. घाटात ओढत नाही म्हणताय, तर मला हे दुसरं कारण, पेट्रोल न पुरण्याचं, वाटतंय. पण फ्युएल प्रेशरचा गेज लावल्याशिवाय मी पंप बदला म्हणणार नाही, आणि गेज फोनमधून लागत नाही.

आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवून विचारू का, असंही विचारलंय. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला असतो, बाकीचा आवाज तो दाबायला बघतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर वळणावर वजन एका बाजूला गेलं की बदलते, तीही शेजारी बसून, फ्लोअरला पाय टेकवून कळते. टायरचा आवाज आणि बेअरिंगचा आवाज मी स्वतः रेकॉर्डिंगवर ओळखू शकत नाही.

एआय वापरूच नका असं माझं म्हणणं नाही. कोडचा अर्थ समजून घ्यायला, गॅरेजमध्ये काय विचारायचं ते ठरवायला उपयोग होतो, मीही वायरिंगचे रंग कधी कधी विचारतो, मग मीटरनं खात्री करतो. पण चेक लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, इंजिन मिसिंग करताना न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जातं आणि तो जळतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर जागेवर इंजिन बंद करा. ब्रेक पेडल मऊ लागत असेल तर यवतेश्वरचा घाट चढायचाच नाही, कारण उतरायचं पण असतं. आणि ब्रेक ऑइलनं पाणी धरलं तर कुठलाही कोड येत नाही.

पोवई नाक्याच्या बाजूला असा कुणी बघा ज्याच्याकडे प्रेशर गेज आहे. आधी विचारा, तपासायचे किती घेणार? तो आकडा सांगेल. पार्ट बदलावा लागला नाही तरी तेवढे त्याला द्या.