उन्हाळ्यात मुका होणारा डॅक

प्रश्न : मी गेल्या डिसेंबरात एक किट आणून डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डिजिटल सिग्नलचे ऐकण्याजोग्या आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डॅक, घरीच जोडला. त्यात पीसीएम ५१०२ए ही चिप आहे, टीव्हीकडून ऑप्टिकल केबलने सिग्नल येतो, आणि त्याच पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प्लिफायरही आहे. वीजपुरवठ्यासाठी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि दाब ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर असे मी स्वतःच बसवले आणि सगळे एका प्लास्टिकच्या डब्यात बंद केले. हिवाळाभर काहीही तक्रार नव्हती. मे महिन्यापासून मात्र दुपारी ऐकायला बसलो की वीसेक मिनिटांनी आवाज तुटतो, पीसीबीवरचा एलईडी मंदावतो, आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप पूर्ववत होते. कूलरच्या घरघरीत गाणे ऐकण्यात अर्थ नाही म्हणून मी त्या वेळी कूलर बंद ठेवतो. रात्री कूलर सुरू असताना हा दोष दिसत नाही, त्यामुळे कूलर बंद झाल्यावर घरातला विजेचा दाब (व्होल्टेज) वाढत असावा अशी मला शंका आहे. मीटरने पाहिले असता रेग्युलेटरच्या इनपुटला १७ व्होल्ट मिळतात आणि एकूण करंट १२५ मिलीअँपिअर आहे. एका मित्राच्या मते चिपच हलकी आहे आणि १९२ किलोहर्ट्झची नवी चिप घ्यावी. काय करावे?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : तुम्ही दोन आकडे मोजून पाठवलेत आणि एलईडी मंदावतो हेही आवर्जून लिहिलेत, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. केबल सैल असती किंवा चिप बिघडली असती तर आवाज गेला असता, पण एलईडी तसाच जळत राहिला असता. ज्या अर्थी दोन्ही एकदम मंदावतात, त्या अर्थी ५ व्होल्टचा पुरवठाच खाली बसतो आहे, आणि तो तुमच्या ७८०५ मुळे बसतो आहे.

७८०५ हा रेग्युलेटर जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. तुमच्याकडे त्याला १७ मधून ५ वजा जाता १२ व्होल्ट जाळावे लागतात, आणि १२५ मिलीअँपिअरने गुणले की ती उष्णता दीड वॅट होते. दीड वॅट ऐकायला किरकोळ वाटते. परंतु हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसलेल्या अशा रेग्युलेटरच्या आतला सिलिकॉनचा तुकडा दर वॅटला भोवतालच्या हवेपेक्षा साधारण ६५ अंश अधिक तापतो, म्हणजे येथे सुमारे ९७ अंश. जानेवारीत खोलीत २२ अंश आणि बंद डब्यात आणखी दहा धरले, तर एकूण १३० च्या आत राहते. हेही काही चांगले नव्हे, पण निभावते. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत ४२ धरा, डब्याचे दहा मिळवा, आणि हिशेब १५० च्या घरात जातो. रेग्युलेटरमध्ये अति तापण्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी जी सोय असते, ती याच सुमारास जागी होते आणि पुरवठा आखडता घेते. तुकडा निवला की पुन्हा सोडते. म्हणून तुमचा डॅक स्वतःहून बरा होतो.

कूलरबद्दलची तुमची शंका अगदीच चुकीची नाही. भार कमी झाल्यावर दाब थोडा वाढतो आणि तेवढी अधिक उष्णता रेग्युलेटरलाच पचवावी लागते. पण मुख्य कारण कूलर थांबल्यावर खोली तापते हेच आहे. खात्री करून घ्यायची असल्यास डब्याचे झाकण उघडून दुपारी टेबलफॅनचा वारा द्यावा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे २३० व्होल्ट उघडे असतील तर आधी ती टोके झाकावीत. तासभर आवाज तुटला नाही तर निदान पक्के समजावे. रेग्युलेटर तापला का हे बोटाने पाहू नये, चटका बसेल.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. सीताबर्डीवरच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पातळ पट्ट्यांचा छोटा अ‍ॅल्युमिनियम हीटसिंक मिळेल. तो उष्णतावाहक पेस्ट लावून स्क्रूने घट्ट बसवावा आणि डब्याला खाली व वर भोके पाडावीत, म्हणजे हवा खेळती राहील. एवढ्यानेही भागेल. तरीही आम्ही ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा घ्या असे सुचवू, कारण मग रेग्युलेटरपाशी साडेबाराच्या आसपास व्होल्ट येतील आणि उष्णता एक वॅटच्या खाली उतरेल. आणखी बचतीच्या नादात ६ व्होल्टचा मात्र घेऊ नये. ७८०५ ला इनपुटला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात, आणि संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होऊन दाब पडला की ती शिल्लक उरणार नाही. मग ब्रिजनंतरची १०० हर्ट्झची लहर थेट आवाजात उतरून घुमघुम ऐकू येईल. एक दोष काढून दुसरा घरात घेतल्यासारखे होईल.

पुढेमागे धातूचा डबा घेऊन त्यालाच रेग्युलेटर ठोकून द्यावा असा विचार कराल, आणि उष्णतेच्या दृष्टीने तो उत्तमही आहे. परंतु ७८०५ ची धातूची पाठ आतून ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून स्क्रू आवळताच डबा हा सिग्नलच्या ग्राउंडचा भाग होतो. धातूच्या डब्याला सुरक्षिततेसाठी अर्थिंग जोडणे अनिवार्य आहे. मग पुढे कधी डॅक बाहेरच्या, अर्थिंग असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलात, तर दोन्हींचे ग्राउंड अर्थिंगमार्फत दुसऱ्यांदा एकमेकांना मिळतात आणि ५० हर्ट्झचा गुंजारव सुरू होऊ शकतो. ते टाळण्यासाठी मध्ये वीज न वाहू देणारा मायका वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग लावावी. ऑप्टिकल केबलमध्ये तांब्याची तार नसल्यामुळे टीव्हीकडून हा त्रास येत नाही, एवढे एक सुख तुम्हाला आहेच.

मित्राच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात लिहितो. तुमच्याकडची चिप ३८४ किलोहर्ट्झपर्यंतच्या सॅम्पलिंग रेटचा (सेकंदाला किती वेळा आवाजाचे मोजमाप घेतले त्या दराचा) सिग्नल घेते, त्यामुळे १९२ ची चिप घेणे म्हणजे मागे जाणे होईल. सीडीचे १६ बिटच सर्वांत मंद ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९८ डेसिबलचा पल्ला देतात, आणि कूलर बंद करूनही नागपूरच्या घरात तेवढी शांतता लाभत नाही. चिपवर खर्च करू नये.

त्याऐवजी रेग्युलेटरजवळचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तपासावेत. त्यांवर ८५ अंश छापलेले असेल तर १०५ अंशांचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि किमान २५ व्होल्टचे बसवावेत. तापमान दर दहा अंशांनी वाढले की यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, म्हणजे वीस अंशांच्या या फरकाने ते चौपट टिकतील. जुने काढण्यापूर्वी उणे बाजूचा पट्टा कोणीकडे होता याची खूण पीसीबीवर करून ठेवावी, आणि नवे बसवताना ते हीटसिंकपासून बोटभर दूर राहतील असे पाहावे.