कोकण किनाऱ्यावर बेतलेलं, लष्करी जुलमाखालचं काल्पनिक शहर लिहितो आहे. ते खरं वाटण्यासाठी काय करावं?

तुमच्या आराखड्यात बेटावरचा कोट आहे, क्रूर सेनापती आहे, फाशीचा माळ आहे, आणि तरी शहर पोकळ वाटतं असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या मते त्यात भरती-ओहोटी नाही, म्हणून ते पोकळ आहे. किनाऱ्यावर राज्य करणाऱ्याला लोकांचं पाणी, धान्य आणि दर्यावर जायची वेळ ताब्यात ठेवावी लागते. चाबूक त्यानंतर येतो.

आधी पंचांग घ्या. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो आणि भरतीला पाण्याने वेढला जातो. तुमचा कोट तसाच असेल, तर पौर्णिमेच्या मध्यरात्री कैद्याला चालत पळवू नका, त्या वेळी पाणी जवळपास पूर्ण चढलेलं असतं. अष्टमीला मध्यरात्री ओहोटी येते खरी, पण ते भांगाचे दिवस. पाणी फारसं चढत नाही तसं फारसं उतरतही नाही, वाट गुडघाभर पाण्यात राहू शकते. पळायला चांगली रात्र कृष्ण त्रयोदशीची. उधाण जवळ आलेलं असतं, ओहोटी पहाटे चारच्या आसपास लागते, आणि चंद्राची बारीक कोर त्याच सुमारास उगवत असते. हे सेनापतीलाही माहीत असणारच. म्हणून त्या दोन-तीन रात्री पहारा दुप्पट असेल, आणि शहरातल्या पोरांनाही त्या रात्री तोंडपाठ असतील.

मग दरवाजा. सूर्यास्ताला बंद, सूर्योदयाला उघडा, किल्ल्या हवालदाराकडे, हा किल्ल्यांवरचा जुना शिरस्ता. तोच नियम कोळीवाड्याला लावून पाहा. मच्छीमार पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, शीड सोडून बाहेर जातो आणि दुपारनंतर समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परततो. वेस सूर्योदयाला उघडली की मतलई मरायच्या बेतात असतो, वल्हं मारत जावं लागतं, तोवर जाळं टाकायची वेळ टळते. कुणाला हात न लावता वाडा उपाशी राहतो. त्यावर आणखी एक हुकूम ठेवा: रात्री प्रत्येक होडीचं सुकाणू आणि वल्ही चौकीत जमा.

परवान्यासाठी इतिहासात नमुना तयार आहे. पोर्तुगीज इतरांच्या जहाजांना कर्ताझ, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना, घ्यायला लावत. त्यात जहाजाच्या प्रमुखाचं नाव, जहाजाचा आकार, माणसं, हत्यारं अशा नोंदी असत. परवाना नसेल तर माल आणि जहाज दोन्ही जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक चालवलं. तुमच्या दस्तकात तांडेलाचं (गलबताच्या म्होरक्याचं) नाव, खलाशांची संख्या, माल, बंदर आणि परतीची तिथी लिहा. घोटाळा परतीच्या तिथीत होतो. वारा पडला की गलबत दोन दिवस अडकतं, आणि घरी राहिलेल्या माणसांना ओलीस म्हणून उचललं जातं.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडाच. आठ हजार वस्ती, पिण्या-रांधण्यापुरतं माणशी 5 लिटर, म्हणजे रोज 40,000 लिटर. 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद, 3 मीटर खोल तलावात 12 लाख लिटर पाणी मावतं, तेवढं 30 दिवस पुरेल. होळीपासून मृगापर्यंत तीन महिने काढायचे तर असे तीन तलाव हवेत, आणि उन्हाने उडणारं पाणी वेगळंच. सिंधुदुर्गावर समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत, त्यामुळे बेटावर गोडं पाणी दाखवायला हरकत नाही. पण अशा विहिरीचा उपसा वाढला की खालून खारं पाणी चढतं आणि विहीर मचूळ होते. फौजेच्या घोड्यांसाठी उपसा वाढवणारा सेनापती अशी विहीर स्वतःच मारतो. माझ्या मते कादंबरीचं मधलं संकट हेच असायला हवं.

धान्याचंही तसंच. 600 शिपाई, माणशी रोज 750 ग्रॅम तांदूळ: दिवसाला साडेचार क्विंटल, चातुर्मासाच्या 120 दिवसांना 540 क्विंटल. भात कांडल्यावर तांदूळ दोन-तृतीयांशच हाती येतो असं धरा, म्हणजे 800 क्विंटलच्या वर भात लागेल. ते आगोटीआधी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, कोठारात पडलं पाहिजे. शिपाई ते खळ्यावरूनच उचलतील, गावाच्या वाट्याला नाचणी, वरी आणि सुकट राहील. कोठाराला हवा नसेल तर भात उबतं, कीड लागते, आणि मग दुसऱ्यांदा वसुली येते.

पावसाळ्यात सत्तेचे दात पडतात, इकडे बरेच लेखक बघत नाहीत. बंदुकीची दारू म्हणजे ढोबळमानाने 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक. आषाढाच्या दमट हवेत तिचे गोळे होतात आणि वाळवायला ऊन नसतं. तोड्याच्या बंदुकीचा तोडा, म्हणजे बार उडवणारी जळती दोरी, पावसात विझतो. नगाऱ्याचं कातडं सैल पडून इशारा ऐकू जात नाही. शिडाची जहाजं वर ओढून झापांनी शाकारलेली असतात, त्यामुळे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावरून कुमक येत नाही. म्हणून सेनापती सर्वांत क्रूर याच महिन्यांत असेल, कारण तो याच महिन्यांत घाबरलेला असतो.

बंडही तलवारीने सुरू करू नका. अलिबागजवळच्या चरीत 1933 साली खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी कसायचं थांबवलं. तो संप सुमारे सहा वर्षं चालला आणि लोकांचे फार हाल झाले. तुमच्या शहरात ज्येष्ठात कुणी पेरणीला जात नाही, इथून सुरुवात करा. कोठारात यंदाचं भात आहे, पुढच्या वर्षाचं नाही, हे कारकुनाच्या लक्षात पहिल्यांदा येईल. ते तो सेनापतीला सांगतो की नाही, इथे तुमचं पुढचं प्रकरण आहे.