प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष : एका तरुण डॉक्टरला पत्र

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

कर्करोगामुळे संपूर्ण प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकावी लागलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याची जबाबदारी आता तुझ्याकडे आली आहे, आणि पहिल्या वर्षात या माणसांना नेमके काय सांगावे, असे तू विचारले आहेस. पाठ्यपुस्तकात जे आहे ते तुला येतेच, म्हणून मी मुख्यतः काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावे याबद्दल लिहितो. आपण शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचे यश मोजतो ते काढलेल्या ग्रंथीच्या कडा कर्करोगमुक्त आहेत का आणि रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन, खाली आला का, यावरून. रुग्ण मात्र घरी गेल्यावर दिवसातून किती पॅड बदलावे लागले हे मोजत असतो. दोन्ही हिशेब खरेच आहेत. परंतु दुसरा हिशेब आपण विचारल्याशिवाय तो मांडत नाही, आणि पहिला जुळला एवढ्यावर समाधान मानून आपण पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. तेव्हा माझे मुख्य सांगणे असे : पुढे काय होणार आहे हे त्याला आधीच, साध्या शब्दांत आणि महिन्यांच्या हिशेबाने सांग; आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत लघवी आणि संभोग या दोन्ही विषयांबद्दल तू स्वतः विचार.

आधी म्हणजे शस्त्रक्रिया ठरतानाच. भूल देण्याच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्रकावर सही घेताना उरकलेल्या बोलण्याला मी सांगणे म्हणत नाही. लघवी काही काळ गळणार आहे हे ज्याला ठाऊक असते, तो ती गळती उपचाराचा एक टप्पा म्हणून सोसतो. ज्याला ते कोणी सांगितलेले नसते, तो आपल्या बाबतीत काहीतरी बिघडले आणि ते आपल्यापासून लपवले गेले अशा समजुतीने महिनोन्‌महिने कुढत राहतो. पत्नी किंवा जोडीदार येऊ शकत असेल तर त्यांनाही याच वेळी बोलाव. आणि पुढे मूल हवे आहे का, हा प्रश्न वयाकडे पाहून गाळू नकोस, कारण या शस्त्रक्रियेनंतर वीर्यस्खलन होत नाही आणि शुक्राणू गोठवून ठेवण्याचा सोपा मार्ग त्यापूर्वीच उपलब्ध असतो.

गळती का होते, हे कागदावर चित्र काढून समजाव. लघवी रोखून धरण्याचे काम दोन ठिकाणी होते : मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटच्या खाली असलेल्या बाहेरच्या झडपेच्या स्नायूपाशी. प्रोस्टेट काढून मूत्राशय थेट मूत्रमार्गाला शिवले की वरची व्यवस्था बहुतांशी संपते, आणि आजवर मदतनीसाचे काम केलेल्या खालच्या स्नायूवर अचानक सगळा भार पडतो. हे एकदा समजले की खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना किंवा ओझे उचलतानाच थेंब का निसटतात, आणि दिवसभर दमलेला स्नायू सकाळपेक्षा संध्याकाळी अधिक का दगा देतो, हे रुग्णाला वेगळे सांगावे लागत नाही. रात्री झोपेत तो बहुधा आधी कोरडा राहू लागतो. दिवसाचा कोरडेपणा त्यानंतर येतो.

शस्त्रक्रियेनंतर लघवीसाठी मूत्राशयात ठेवलेल्या नळीच्या दिवसांबद्दल थोडक्यात लिहितो. ती साधारणपणे एक ते दोन आठवडे असते. मधूनच ओटीपोटात कळ येऊन नळीच्या बाजूने लघवी झिरपणे, अधूनमधून लघवीला लालसर झाक येणे, शौचाला जोर केल्यावर थोडे रक्त दिसणे, यांनी घाबरून जायचे कारण नसते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे, शौचाला जोर करावा लागू नये, आणि या काळात एनिमा घ्यायचा नाही. लघवी पूर्ण थांबली, लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या, ताप आला, पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. शेवटच्या दोन लक्षणांमागे शिरेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. मात्र एक गोष्ट लेखी दे : नळी चुकून निघाली, तर जवळच्या कोणाकडूनही ती पुन्हा घालून घ्यायची नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाशीच संपर्क साधायचा. नवा शिवलेला सांधा आंधळेपणाने सरकवलेल्या नळीने उसवू शकतो.

नळी निघते त्या दिवशी रुग्णाला वाटते की आता सुटलो, आणि नेमका त्याच दिवशी त्याला पहिला धक्का बसतो. त्या भेटीला येताना पॅड आणि बदलायचे कपडे सोबत आणायला सांगितलेले असले पाहिजे. पुढचे आकडेही तोंडात न घोळवता सांग. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागले होते. त्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष सहा महिन्यांनी पॅड वापरत होते, आणि सहा वर्षांनी हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले होते. याचा अर्थ रुग्णाला दोन्ही अंगांनी कळू दे : सहाव्या महिन्यात पॅड लागणे म्हणजे अपयश नव्हे, आणि बहुतेकांचे पॅड सुटत असले तरी सर्वांचे सुटत नाहीत. सुधारणा आठवड्यांनी नव्हे तर महिन्यांनी मोजायची असते. तिसऱ्या आठवड्यात निराश झालेल्या माणसाला बारा महिन्यांचा आराखडा दिला, तर तो व्यायाम सोडत नाही.

त्या व्यायामाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तो जितका सांगितला जातो तितका शिकवला जात नाही. बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला हा व्यायाम आज पुरुषांनाही दिला जातो, पण छापील पत्रक हातात देऊन काम भागत नाही. रुग्णाला विचार : वायू सरू नये म्हणून आणि लघवीची धार तोडण्यासाठी जे आत ओढून घेता, ते करून दाखवता येईल का? योग्य स्नायू आवळला गेला तर शिश्नाचे मूळ किंचित आत ओढले जाते आणि वृषण वर उचलल्यासारखे होतात. पोट कठीण होत असेल, नितंब आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर तो भलताच स्नायू वापरत आहे, आणि असा चुकीचा व्यायाम कितीही निष्ठेने केला तरी उपयोग होत नाही. आवळून दहा सेकंदांपर्यंत धरणे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडणे, मग काही झटपट आवळण्या, असे दिवसातून तीन वेळा. आधी निजून, मग बसून, मग उभे राहून. सैल सोडणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण सतत ताणलेला स्नायू लवकर थकतो. उठण्यापूर्वी, खोकण्यापूर्वी क्षणभर आधी आवळण्याची सवय लावणे हे या सगळ्याचे खरे फळ आहे. हा व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधी शिकवावा, नळी असेपर्यंत थांबवावा आणि ती निघाल्यावर पुन्हा सुरू करावा. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडण्याचा रोजचा सराव मात्र करू देऊ नकोस; त्याने मूत्राशय रिकामे होण्याची घडी बिघडते. तुमच्याकडे या विषयातला फिजिओथेरपिस्ट असेल तर प्रत्येक रुग्ण निदान एकदा त्याच्याकडे जावा.

गळती कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारे बरेच भेटतील. दाट झालेली लघवी मूत्राशयाला उलट डिवचते आणि बद्धकोष्ठही वाढते, हे त्यांना पटवून दे. चहा, कॉफी आणि मद्य कमी केल्याने मात्र अनेकांना फरक पडतो. दर भेटीत दिवसाला किती पॅड लागतात आणि ते नुसते ओलसर असतात की जड, हे विचारून लिहून ठेव. धार बारीक होत चालली असेल, जोर करावा लागत असेल, तर सांध्याच्या जागी व्रण आक्रसून वाट अरुंद होत आहे का ते पाहा. ही अवस्था अनेकदा गळतीच्या आडून येते आणि वेळेत ओळखली जात नाही. वर्षभर नीट व्यायाम करूनही गळती त्रासदायकच राहिली, तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याची शस्त्रक्रिया असते. ही माहिती रुग्णाला आपणहून दे. पॅडवरच आयुष्य काढायचे आहे असे गृहीत धरून घराबाहेर पडणे सोडलेला माणूस ती मागायला येत नाही.

आता दुसरा विषय. तू स्त्री आहेस म्हणून पुरुष रुग्ण तुझ्याशी याबद्दल बोलणार नाहीत, अशी शंका तू व्यक्त केली आहेस. माझा अनुभव वेगळा सांगतो : पुरुष डॉक्टरांशीही ते बोलत नाहीत, आणि ज्या डॉक्टरने सहज, खालच्या आवाजात न जाता विचारले त्याच्याशी किंवा तिच्याशी ते बोलतात. ‘वैवाहिक जीवन कसे आहे’ असे गोलमोल विचारलेस, तर ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळेल. ताठरता येते का, संभोगाला पुरेशी असते का, टिकते का, असे सरळ विचार.

ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना इतक्या चिकटून जातात की एके काळी त्या शस्त्रक्रियेत जवळजवळ नेहमीच कापल्या जात. १९८१ साली लायडेन येथे पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डोंकर यांनी त्यांचा नेमका मार्ग शोधला, आणि १९८२ पासून वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. तरीही वाचवलेली नस म्हणजे लगेच काम करणारी नस नव्हे. हाताळणीने आणि ताणाने ती सुन्न पडते आणि सावरायला दीड-दोन वर्षेही घेऊ शकते. त्याच ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात उपचारांपूर्वी संभोगाला पुरेशी ताठरता असणारे ६७ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या गटात सहा महिन्यांनी ते १२ टक्के उरले आणि सहा वर्षांनी १७ टक्के होते. मात्र नुसत्या देखरेखीने सुरुवात केलेल्या गटातही सहा वर्षांनी ते प्रमाण ३० टक्क्यांवर उतरले होते, कारण त्यातील काहींना नंतर उपचार घ्यावे लागले आणि वयही आपला वाटा घेतेच. वय, आधीची ताठरता, मधुमेह, धूम्रपान आणि दोन्ही बाजूंच्या नसा वाचल्या की एकाच बाजूच्या, यांवर प्रत्येकाचे उत्तर अवलंबून असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या टिपणात नसांबद्दल काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय कोणालाही आशा किंवा निराशा देऊ नकोस.

रुग्णाला हे माहीत नसते की ताठरता नसली तरी कामतृप्ती येऊ शकते. ती येते, पण कोरडी, कारण वीर्यातील द्रव ज्या ग्रंथींमधून येतो त्या काढलेल्या असतात. त्या क्षणी काहींची थोडी लघवी निसटते. आधी लघवी करून घेतल्याने ते बरेच टळते. शिश्नाची लांबी किंचित कमी झाल्यासारखे काहींना जाणवते. या गोष्टी तुझ्या तोंडून आधी ऐकल्या असतील, तर त्याला पहिल्याच अनुभवाने हादरून जावे लागत नाही. निव्वळ शस्त्रक्रियेने कामेच्छेचे संप्रेरक कमी होत नाही. पुढे संप्रेरकरोधक उपचार द्यावे लागले तर मात्र इच्छाही ओसरते, आणि या दोन परिस्थितींतला फरक त्याला समजला पाहिजे. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल, निर्वात पंप, शिश्नात द्यायचे इंजेक्शन आणि शेवटी कृत्रिम रोपण, अशी उपायांची पायरी आहे. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याला या गोळ्या कधीही द्यायच्या नाहीत. इंजेक्शननंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकली तर ती आणीबाणी असते, हे पहिल्या चिठ्ठीबरोबरच सांग. गोळी एकदा घेऊन ‘उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्यांना ती कशी आणि केव्हा घेतली ते विचार. सिल्डेनाफिल भरल्या पोटी घेतले किंवा उत्तेजना नसताना नुसती वाट पाहिली, तर ती अपयशी ठरणारच. आणि हे सगळे नको, आम्ही दोघे आहोत तसे सुखात आहोत, असे एखादे जोडपे म्हणाले, तर तेही उत्तर म्हणून स्वीकार.

मनाबद्दल वेगळी यादी देत नाही. चिडचिड, झोप उडणे, लोकांत मिसळणे टाळणे हे दिसले, तर ते गळतीमुळे आहे की कर्करोगाच्या भीतीमुळे हे त्यालाच विचार, कारण दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पत्नीला वाटते की नवरा आपल्याला टाळतो आहे, आणि त्याला वाटते की आपण तिच्या उपयोगाचे राहिलो नाही. एकाच खोलीत दोघांना बसवून हे बोलते केलेस, तर औषधांपेक्षा अधिक काम होते.

शेवटी पीएसए. ग्रंथी पूर्ण निघाल्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी तो मोजता न येण्याइतका खाली असावा. पहिली काही वर्षे तो दर तीन ते सहा महिन्यांनी तपासतात. प्रत्येक तपासणीच्या आधीचे काही दिवस रुग्णाची झोप जाते. त्यामुळे रक्त दिल्यावर निकाल कोण आणि कधी कळवणार हे ठरलेले असू दे, आणि शक्यतो तो त्याच दिवशी कळू दे. दर मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅमची मर्यादा ओलांडल्याचे दुसऱ्या तपासणीतही दिसले, तर रोग रक्तात पुन्हा दिसू लागला असे मानतात. तेव्हा त्याला पहिल्याच वाक्यात सांग की हा उपचारांचा शेवट नाही, किरणोपचाराने रोग पुन्हा आटोक्यात आणण्याची संधी पुष्कळदा असते आणि पीएसए फार वाढण्याआधी ते दिल्यास ती अधिक असते. किरणांमुळे मूत्राशयावर आणि ताठरतेवर पुन्हा भार येतो, म्हणून कोरडेपणा कुठवर आला आहे हे किरणोपचार विभागाला कळवणाऱ्या पत्रात तुझ्याच हाताने लिही. पहिल्या काही भेटींनंतर ज्या प्रश्नांवर तू अडखळशील, ते मला लिहून पाठव.

शुभेच्छांसह,
तुझे सर