वाडा फारुकींचा की पेशवाईतला?

प्रश्न : एरंडोलला आमचा धाब्याचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा आहे. घरात सगळे म्हणतात, फारुकींच्या काळातला. खरं असेल का? आणि गळतो म्हणून वर सिमेंट घालावं का?

उत्तर : अकबराने १६०१ मध्ये असीरगड किल्ला घेतला आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य संपलं. तुमच्या फोटोतले चौकातले खांब मात्र सुरूच्या झाडासारख्या घाटाचे आहेत : बुडाशी फुगीर, वर निमुळते, डोक्यावर लाकडी महिरप. ही धाटणी शाहजहानच्या इमारतींत दगडात रुळली. आपल्याकडच्या वाड्यांत सागवानात उतरली ती पेशवाईत. म्हणजे वय दोन-अडीचशे वर्षं धरा. आजोबांना सांगू नका, बिचारे खट्टू होतील!

सिमेंटचं म्हणाल, तर अजिबात नको. आमच्या अमळनेरच्या घरी मीच हा शहाणपणा केला होता. तिसऱ्या पावसाळ्यात छताच्या कडीला, म्हणजे आडव्या लाकडी वाशाला, सुरी लावली, तर चार बोटं आत गेली. भुसभुशीत, केकसारखी. सिमेंटला भेगा पडतात, पाणी आत शिरतं आणि वरून झाकलेलं असल्याने बाहेर पडत नाही. धाब्यावरची पांढरी खारी माती ओली झाली की फुगते, बारीक भेगा आपोआप बुजतात. ऊन पडलं की वाळते. जळगावच्या मे महिन्यात खाली गारवा राहतो तो याच जाड थरामुळे.

मृगाआधी गवत उपटा, पन्हळी मोकळ्या करा, खारीचा नवा थर चोपून घ्या. कड्यांची टोकं भिंतीत जातात तिथे आधी ठोकून बघा. बद्द आवाज आला, तर सुतार आधी, माती नंतर.