शिकवणीच्या दिवशी पाहुणे मुक्कामी असतील तर

पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा: "४ ते ६ या वेळेत शिकवणीची मुलं असतात, चहा साडेतीनलाच घेऊ." संकोचून गप्प राहिलात, तर ऐन भागाकारात दारातून "साखर कुठंय गं?" येणारच. कुकर ३ वाजता लावा. तूरडाळ अर्धा तास भिजलेली असली की ३-४ शिट्ट्या पुरतात. कणीक मात्र मळून ओट्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात ती सैल पडते, आंबते. तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. पोळ्यांआधी २० मिनिटं बाहेर काढा, नाहीतर लाटताना कडा चिरतात. गवार, मेथी त्या दिवशी नकोच, निवडण्यातच जीव जातो. बटाट्याच्या काचऱ्या बऱ्या. वह्या रात्रीवर ढकलू नका. मुलं शुद्धलेखन लिहीत असतानाच एकेकाची तपासा. पाहुणे आजोबा असतील तर पाढे त्यांच्याकडे सोपवा, बहुतेक खूश होतात.