शोधणं थांबवलं, ते कुणालाच कळलं नाही

«माई, मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ३८. बारावीनंतर शिक्षक होण्यासाठी डी.एड. केलं. शिक्षक पात्रतेची टीईटी परीक्षा पास आहे, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणीही दिली, पण निवड यादीत नाव आलं नाही. एका खासगी शाळेत थोड्या पैशांवर शिकवलं, पट नाही म्हणून ती शाळाच बंद झाली. त्यानंतर मी जाहिराती बघणं सोडलं. नवरा मुंबईला, घरी सासूबाई आणि दोन मुलं. मी सोडून दिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळ्यांना वाटतं संसारात रमली. सीझनला दिरांच्या आंब्याच्या बागेत पेट्या भरते, त्यांचा हिशेब लिहिते. मी आळशी झाले का? की आता हे असंच?»

बाय, तू आळशी नाहीस. हे आधी सांगते, कारण पत्रात हा प्रश्न तू शेवटी लिहिलायस, पण रात्री पडल्यावर तोच पहिला येत असणार.

तुमच्या वेळी डी.एड. म्हणजे झेडपीची शाळा, हे गणित घराघरात होतं आणि ते कुणी मनाने रचलेलं नव्हतं. आधीच्या पिढीला नोकऱ्या तशाच लागल्या होत्या. मग खासगी डी.एड. विद्यालयं भराभर निघाली आणि २०१२ नंतर भरती कित्येक वर्षं जवळजवळ ठप्प झाली. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं बाहेर आलं. कोकणात तर वाड्याच रिकाम्या होत गेल्या, शाळांचा पट घसरला. बाहेरच्या जिल्ह्यांतून नेमलेले कितीतरी शिक्षक बदली मिळाली की आपल्या गावाकडे जातात, आणि इथले डी.एड.वाले इथेच बसून राहतात. हे सगळं भोगून एखादीने जाहिराती बघणं बंद केलं, तर त्यात आळस कुठे आला?

तुझं दुसरं दुःख मला जास्त लागलं. पुरुष घरी बसला की गाव आठवड्याभरात विचारायला लागतं. ते विचारणं टोचतं, पण त्यातून चार ठिकाणी शब्दही टाकला जातो. बाईला कुणी विचारत नाही. मोजणीतही तेच होतं. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगार ठरायला तू काम शोधत तरी असावं लागतं, नाहीतर मिळालं तर करीन असं सांगावं तरी लागतं. दोन्ही नाही म्हटलंस की तू श्रमबलाच्या बाहेर, ‘घरकाम’ या रकान्यात. पण तेच लोक एप्रिलमध्ये आले आणि दिरांचं नि तुझं घर एकच धरलं गेलं, तर बागेतल्या कामामुळे तुला घरच्या उद्योगातली मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांत धरतील, मग हातात एक रुपया पडो न पडो. म्हणजे काम तू करतेच आहेस. त्याचा मोबदला ठरलेला नाही, इतकंच.

आता थोडं परखड बोलते, राग मानू नकोस. तू शिक्षक भरतीचा नाद सोडलास, तो निर्णय मला पटतो. पण त्याच्याबरोबर तू कमावण्याचा विचारही सोडून दिलास, आणि तो कधी सुटला हे तुला स्वतःलाही कळलेलं दिसत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढ. टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध असतं, ते कपाटात राहू दे. पुन्हा परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर दे, पण घर त्या निकालावर टांगून ठेवू नकोस.

पहिलं काम म्हणजे लोकांना सांगणं. वाडीत आजही तुझी ओळख ‘सरकारी नोकरीसाठी थांबलेली’ किंवा ‘संसारात रमलेली’ अशीच असेल, मग तुझ्याशी कामाचं कोण बोलणार? आपल्याकडे पतसंस्थेतली, काजूच्या कारखान्यातल्या हिशेबाची, दुकानातली कामं जाहिरातीने कमी आणि तोंडी जास्त जातात. बचत गटात सांग, शाळेतल्या बाईंना सांग, राजापूरच्या बाजारात ओळखीच्या दुकानदाराला सांग: मला काम हवंय, हिशेब येतो, शिकवता येतं. लाज वाटेल. तरी सांग.

वाडीतल्या पोरांचा अभ्यास फुकट घेत असशील तर पुढच्या महिन्यापासून फी लाव, थोडी का होईना. कर्ज काढून उद्योग सुरू करायची घाई मात्र नको. जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या बायकांना चांगलं अनुदान मिळतं हे खरं, पण बँकेचा हप्ता अनुदानाने फिटत नाही. आधी वर्षभर स्वतःच्या हातात पैसा येऊ दे.

नवऱ्याला मात्र खरं सांग. फोनवर नको, गणपतीला येईल तेव्हा निवांत बसून सांग की मी रमलेली नाही, मी थकून थांबले होते. त्यालाही तू सुखात आहेस असंच वाटत असेल. आणि झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहता राहिले दीर. वाशीच्या घाऊक बाजारात किती पेट्या गेल्या, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब काय आला, त्यात गाडीभाडं आणि हमाली किती कापली, पुण्यामुंबईच्या घरगुती गिऱ्हाइकांकडून किती येणं बाकी आहे, हे सगळं तुझ्या वहीत आहे. हेच काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं असतं तर त्याला पगार द्यावा लागला असता. भांडण म्हणून नको, ठरवून घ्यायचं म्हणून बोल: महिन्याचे इतके, नाहीतर पेटीमागे इतके. सासूबाईंना आधी विश्वासात घे, म्हणजे घरात वेगळा अर्थ निघणार नाही. आणि हे बोलणं दिवाळीनंतर लगेच उरकून घे. एकदा मोहोर आला आणि फवारण्या सुरू झाल्या की दिरांना बसून ऐकायला सवड व्हायची नाही.

— माई